अर्धे पेले

"ओठाला लागतंय न लागतंय तोच संपतं बाई! प्यायला देतात का हुंगायला?"

जाईबाई शेजारणीच्या कानात बोलत होत्या. पण सगळा जन्म गिरणीच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुज मागच्या बाकापर्यंत पोचायची. दाराशी माठ भरत असलेल्या शामरावांना ती ऐकू आली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

आजचा दिवस काय, तक्रार काय! मे महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, भाकरीचा तुकडा आणि रसाचा पेला घेण्याचा. आणि नेमका आजच महाराष्ट्र झाला होता. अख्ख्या परळला तोरणं लागली होती. चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतलं त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिरही आंब्याच्या पानांनी सजलं होतं.

शामराव ओहोळ मंडळीचे मुख्य पंच. तीस वर्षं इस्पितळात ड्रेसर होते. छप्पन सालच्या जानेवारीत लालबागेत गोळ्या चालल्या, तेव्हा याच बाकांवर माणसं निजवून त्यांनी जखमा बांधल्या. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या झेंड्याखालचा, हे एकालाही विचारलं नाही. जाईबाईंच्या थोरल्याचा फुटलेला दंड त्यांनीच बांधलेला. अशा माणसाने गादीवर बसायचं, तर हे माठ भरायचे, दारातल्या चपला सरळ लावायचे, प्रभुभोजनाचं तबक बाकाबाकांतून स्वतः फिरवायचे. "मुख्य पंच म्हणजे पहिला चाकर," म्हणायचे. म्हणताना आवाज जरा चढायचा, हेही खरं. कुणी "द्या, मी करतो" म्हणून पुढे आलं, तर हसत हसत कोपराने बाजूला सारायचे.

माठावर झाकण ठेवून ते मागच्या खोलीत गेले. शाळेत आयाचं काम करणारी सुंदराबाई तिथे पेल्यांत रस ओतत होती. मुंबईत दारूबंदी, म्हणून प्रभूच्या मेजावरही मनुकांचाच रस. शनिवारी मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या, सगळं तिच्याकडे. बोटाच्या पेराएवढे काचेचे पेले लाकडी तबकात ओळीने उभे होते. सगळे अर्धे.

"सुंदराबाई, हे काय गं?"

"काय झालं, दादा?"

"अर्धेच भरतेस? लोक बोलायला लागले. प्रभूच्या मेजावर हात आखडता घ्यायचा?"

तिने तोंड उघडलं. मग तिची नजर त्यांच्या हातांवर गेली आणि तोंड मिटलं.

"चुकलं माझं, दादा."

"मनुका पुरत नाहीत का? मला सांगायचंस ना."

"पुरतात."

"मग? आण ते भांडं इकडे."

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, झग्याची बटणं लावत दारात आले होते. "शामराव, आजच्या दिवस राहू द्या ना तसेच."

"आजच्याच दिवशी नको, साहेब! राज्य मिळालं आपल्याला. आज तरी काठोकाठ."

पाळकसाहेबांनी सुंदराबाईकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नका बोलू म्हणून. पाळकसाहेब खोकले आणि खोकतच बाहेर गेले.

शामरावांनी पेले भरले. थोडा रस मेजावर सांडला, तेव्हा ते म्हणाले, "हे भांडंच वाकडं आहे." सुंदराबाईने फडक्याने पुसून घेतलं.

उपासना सुरू झाली. नव्या राज्यासाठी उपकार मानले, त्यासाठी जे गेले त्यांची आठवण झाली, दोन-चार पदर डोळ्यांना लागले. मग शामराव तबक घेऊन उठले.

पहिल्याच पावलाला पेले किणकिणले. ही किणकिण त्यांच्या ओळखीची. वर्षभर दर महिन्याला ऐकत होते. बाहेरून ट्राम गेली की जमीन हादरते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण आज मिरवणुकीपायी रस्ता सकाळपासून बंद होता.

पहिल्या बाकाशी ते वाकले आणि रस पेल्यांच्या काठांवरून उसळला. जाईबाईंच्या ठेवणीतल्या पांढऱ्या पातळावर लाल ठिपके उमटले.

"असू द्या, असू द्या!" जाईबाई घाईघाईने म्हणाल्या. "धुतलं की जातंय ते. मीच मेली मधे आले."

मंडळीत एकाएकी सगळ्यांना कामं निघाली. कुणी गीतांचं पुस्तक चाळू लागलं, कुणी पोराची कॉलर सरळ करू लागलं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. शामरावांकडे मात्र एकही माणूस बघत नव्हता.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अर्धे पेले कुणासाठी, हेही पुष्कळांना माहीत असणार. आणि ती बाई वर्षभर कंजूष ठरत होती. मघाशी त्यांच्याच तोंडून ऐकून घेऊन "चुकलं माझं" म्हणाली होती.

प्रभूने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट शामराव कितीदा रंगवून सांगायचे. सांगताना पंचा नेहमी स्वतःच्याच कमरेला दिसायचा. आपले पाय कुणापुढे करायची वेळ येईल, हे कधी मनात आलं नव्हतं.

सुंदराबाई फडकं घेऊन धावत आली. शामरावांनी तबक तिच्या हातांत दिलं. आजवर ते कुठल्या बाईने फिरवलेलं नव्हतं. ती गोंधळून पाळकसाहेबांकडे बघू लागली.

"फिरवा, सुंदराबाई," पाळकसाहेब म्हणाले.

शामराव पहिल्या बाकाच्या टोकाला जाऊन बसले. सुंदराबाई एकेकापुढे वाकत आली. तिच्या हातात पेले गप्प होते. शेवटी तबक शामरावांपुढे आलं. काठोकाठ भरलेला एक पेला होता. त्यांनी हात पुढे केला, पेल्याजवळ नेला, आणि परत मांडीवर ठेवला. कितीतरी वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ते बोलले, ते जाईबाईंच्या कुजबुजीसारखं, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"सुंदराबाई, माझे हात कापतात. तुम्हीच लावा पेला ओठाला."