मावशीचं लोशन

तिने लोशनची बाटली बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात मागे घेऊन उभी राहिली. सकाळी ही बाटली एकशे ऐंशी ग्रॅम भरली होती. आता एकशे एकावन्न.

"अगं, मोजूनमापून लावायचं की काय आता?" धाकट्या बहिणीच्या सासूबाई दारातून हसल्या. "घरचंच तर आहे. आम्ही मावशीचं लोशन म्हणतो त्याला. लंगोट बदलला की लावायचं, अंग पुसलं की लावायचं. कातडी बघ कशी झालीय, लोण्यासारखी."

पाच महिन्यांचं बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. ते रडत नव्हतं, आणि त्याचीच तिला काळजी वाटत होती. आठवडाभर ते रडलं नव्हतं, धड प्यायलं नव्हतं. जे घोटभर घ्यायचं तेही उलटून टाकायचं. तिने त्याच्यासमोर टाळी वाजवली. बाळाने सावकाश मान वळवली आणि तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत राहिलं.

लहान मुलांसाठी साबण, पावडरी, लोशनं बनवणाऱ्या कंपनीत ती सुरक्षितता तपासायची. बाटलीत काय किती आहे, त्यातलं त्वचेतून अंगात किती जाईल, याचं गणित मांडायचं आणि खाली सही करायची. हे लोशनही त्याच कंपनीचं, तिच्याच सहीचं; त्यात ड जीवनसत्त्व होतं. तिच्या गणितातल्या बाळाला ते दिवसातून दोनदा लावलं जायचं, मिळून आठ ग्रॅम. त्या बाळाला हौशी आजी नव्हती.

"आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब?" तिने विचारलं. "ड जीवनसत्त्वाचे?"

"रोज देते," बहीण म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही."

तिच्या त्या गणिताच्या तक्त्यात थेंबांसाठी एक रकाना होता. त्यात तिनेच लिहिलं होतं, 'स्वतंत्रपणे विचारात घेणे.' तो विचार कोणी करायचा, हे मात्र लिहिलं नव्हतं.

"काकू, याला आत्ताच दवाखान्यात न्यायचंय," ती म्हणाली.

"एवढं काय झालंय?"

ती चपला घालू लागली.

ड जीवनसत्त्व अंगात जास्त झालं की वाढतं तसं, बाळाच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. चार दिवस सलाईन लावावं लागलं. थेंब बंद झाले, लोशन बंद झालं. मुलांचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी बाटली हातात घेऊन मागचा बारीक मजकूर चष्मा वर करून वाचला.

"थेंबांचं माप मी सांगितलेलं होतं, ते काही जास्त नाही. हे त्वचेतून किती आत गेलं, मी कसं सांगू? कदाचित फार नसेलही. काही बाळांना थोडंही झेपत नाही." त्यांनी बाटली तिच्याकडे परत दिली. "हे तुम्ही जास्त चांगलं सांगू शकाल. तुमचंच आहे ना?"

व्हरांड्यातल्या बाकावर सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी बाळाला अंघोळ घालणं सोडलं. कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी सोडलं.

त्या दिवसांत ऑफिसात कुठे जरा सामसूम झाली की ती दचकायची. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली की तिला वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणाचं तरी बाळ आहे आणि ते रडत नाहीये. एकदा तर ती उठून बघूनही आली. खोलीत रिकामी खोकी होती.

ती फाईल घेऊन साहेबांकडे गेली.

"सगळं नियमात आहे," साहेब म्हणाले. "लाखभर बाटल्या गेल्यात. एक तक्रार नाही."

"एक आहे."

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी बराच वेळ पेन बोटांत फिरवलं. शेवटी लेबलवर एक ओळ वाढवायचं ठरलं: बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील, तर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दिवसातून दोनदाच, हेही ठळक अक्षरांत. पुढच्या छपाईपासून. दुकानांत गेलेल्या बाटल्यांचं काय, यावर ते म्हणाले, "बघू."

महिन्याभराने ती बहिणीकडे गेली, तेव्हा जिन्यातच बाळाचं भोकाड ऐकू आलं. ती कठडा धरून दोन मिनिटं तिथेच ऐकत उभी राहिली.

आत बहीण एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती. बाळ तिच्या कडेवर लाथा झाडत होतं.

"आता स्वतःला खात बसू नकोस गं," बहीण म्हणाली. "तुला विचारल्याशिवाय का लावत होतो आम्ही?"

"मला कधी विचारलंस?"

"फोन नव्हता का केला? सासूबाई दिवसभर लावतात, चालेल का म्हणून. तू कुठेतरी घाईत होतीस. म्हणालीस, लाव बिनधास्त, माझी सही आहे त्यावर." बहिणीच्या आवाजात ठपका नव्हता. "त्यामुळे आम्ही अगदी निश्चिंत होतो बघ."

तिला काहीच आठवेना. तिने पर्समधून मोबाईल काढला आणि कॉलची यादी मागे मागे सरकवत नेली. तीन महिन्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारी बारा चाळीस. सव्वीस सेकंद.

"घेतेस का जरा याला?" म्हणत बहिणीने बाळ पुढे केलं.

तिने दोन्ही हात ओढणीला पुसले. मग पुन्हा एकदा पुसले.