पोत्यातला युरिया, ट्यूबमधला युरिया

शिवांजली जन्मल्यापासून तिला आत्याबाईच न्हाऊ घालायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुलाबाई. मोरीत बसून पाय लांब सोडायचे, पोरीला पायांवर पालथी घालायची आणि सावकाश तेल जिरवायचं. कुणाला मध्ये बोलू द्यायच्या नाहीत.

फेब्रुवारीत त्या तासगावच्या बेदाणा शेडवर जायला लागल्या. द्राक्षांचे क्रेट औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं काम. पंधरवड्यात तळव्यांना भेगा पडल्या, बोटं खरबरीत झाली. एका सकाळी त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती किंचाळली. पाठीवर तांबड्या रेघा उठल्या.

"घे तुझी तू," म्हणाल्या आणि उठून गेल्या. अंघोळ माझ्याकडं आली.

बारा दिवसांनी मी पोरीला घेऊन जालंधरला निघणार होते. ह्यांना तिथं क्वार्टर मिळालं होतं. दिवाळीच्या आत परत येणं नव्हतं आणि तोवर पोर पायांवर मावली नसती. शेडवर सांगून आत्याबाईंनी बुडवणीचं काम सोडलं, बेदाणा निवडायला बसल्या. घरी आल्या की हात पदरात घेऊन पाळण्याशेजारी बसायच्या. पोर हात पुढं करायची, ह्या नुसत्या मान हलवायच्या.

मी डॉक्टरांना विचारून हाताला लावायची ट्यूब आणली. मामा, म्हणजे माझे सासरे आकाराम, खोक्यावरची बारीक अक्षरं बघत म्हणाले, "वाच की, काय काय घातलंय."

"पाणी," मी वाचलं. "जे जास्त असतं ते आधी लिहितात."

"पयल्या नंबरला पाणी? म्हंजी हा दूधवाल्याचाच भाऊ!"

"मग युरिया, दहा टक्के."

मामा हसत सुटले. "आगं, युरियाचं पोतं हाय की मागल्या खोलीत! त्याच्यापायी दुकानात कशाला गेलीस?"

मीही हसले. आत्याबाई पाळण्याशेजारून ऐकत होत्या. पुढची यादी वाचायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई हौदावर हात धरून बसलेल्या दिसल्या. तळवे लालबुंद. पोत्यातला मूठभर युरिया खोबरेल तेलात कालवून त्यांनी भेगांत भरला होता. दाणे विरघळलेच नव्हते. वर फडकं बांधून तासभर सोसलं म्हणे.

"आवं आत्याबाई, ट्यूब दिली होती ना!"

"त्यात बी त्योच हाय म्हणालीस न्हवं? आता ती ट्यूब नगं. पोरीच्या अंगाला खताचा हात लावू व्हय मी?"

दोन दिवस त्यांनी ट्यूबकडं बघितलं नाही. तळव्यांची लाली उतरली, भेगा तशाच. नऊ दिवस उरले होते. मग मी पोरीला मांडीवर घेऊन दोघांच्या पुढ्यातच बसले आणि खोक्यावरची राहिलेली नावं वाचली: ग्लिसरीन, पॅराफिन, लॅनोलिन.

"मामा, मक्यावर युरिया फवारताना पंपाला किती टाकता?"

"दोन-तीन मुठी."

"आणि अर्धं पोतं टाकलं तर?"

"मका करपंल की."

"ह्या ट्यूबमध्ये शंभरात दहा भाग आहे. तोही औषधासाठी साफ केलेला. आत्याबाईंनी हातावर पोतं ओतलं."

आत्याबाईंनी विचारलं, "पर त्यो करतो काय?"

"पोत्याचं तोंड उघडं राहिलं की युरियाला पाणी सुटतं ना? तो हवेतलं पाणी ओढतो. इथं तो कातड्यात पाणी धरून ठेवतो. ग्लिसरीनही तेच करतं. पॅराफिन वरून झाकण घालतं, म्हणजे ते पाणी उडत नाही."

"आन त्ये शेवटचं?"

"लॅनोलिन. मेंढीच्या लोकरीला चिकट तेल असतं बघा, तेच साफ करून घातलंय."

आत्याबाईंचं माहेर आटपाडीकडचं, घरात मेंढरं. त्यांनी ट्यूब हातात घेतली. "आमचा बा मेंढरं कातरायचा, त्या दिशी त्याचं हात लोण्यावानी व्हायचं. तेवढाच दीस त्यो आमच्या तोंडावरनं हात फिरवायचा. एरवी आमीच म्हणायचो, नगं बाबा, खरचटतंय."

"पण पोरीच्या अंगाला हे लागू द्यायचं नाही हं. तिला घ्यायच्या आधी हात साबणानं धुवायचे."

"चार पोरं वाढवली मी. मला शिकवती!" पण झाकण काढलं होतं.

दिवसातून तीनदा लावायच्या. संध्याकाळी हात धुऊन नायलॉनच्या लुगड्यावरून तळवा फिरवायच्या. धागा अडकला की हुंकार द्यायच्या आणि पुन्हा लावायच्या. माझी बॅग भरत आली. मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी हात फिरवला. उजव्या अंगठ्याशीच तेवढा धागा अडकला.

"आण तिला."

हात दोनदा धुऊन त्या मोरीत बसल्या. पोरीला पायांवर घेतली आणि अंगठा वर धरून चार बोटांनी पाठीला तेल लावलं. पोरीनं मान वळवून बघितलं, रडली नाही. मग मांड्या, पोटऱ्या, टाचा. पाणी निवत आलं. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"थांब," त्या मान वर न करता म्हणाल्या, "डावा पाय ऱ्हायलाय."

डावा पाय दोनदा चोळून झाला होता. मी थांबले.