चरबीची रिकामी जागा

माझं आणि चरबीचं जुनं वैर. घरी मी भावाच्या ताटातलं लोणी काढून घेते आणि प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृतातल्या चरबीमागे लागते. भाऊ कुरकुरतो. उंदीर बिचारे काही बोलत नाहीत.

तीन वर्षं माझा एकच हेका होता. यकृताचा मोठा तुकडा कापला तरी उरलेलं पुन्हा वाढतं, पण सुरुवातीचे एक-दोन दिवस ते चरबीने भरतं. ही चरबी म्हणजे वाटेतली धोंड. चरबी बनवणारं एंझाइम औषधाने बंद करा, यकृत भराभर वाढेल. माझ्या गाइड, म्हणजे आमच्या बाई, नुसतं "बघू" म्हणायच्या.

बघितलं, आणि तोंडघशी पडायची वेळ आली. औषध दिलेल्या उंदरांची यकृतं आठव्या दिवशीही एवढीएवढीशीच. आता एकच आशा उरली होती: औषध उंदरांना नुसतंच बाधलं असेल, एंझाइम बंद झालंच नसेल. दुसऱ्या दिवशीचे तुकडे जपून ठेवले होते. त्यांत चरबी दिसली तर दोष औषधाचा, माझं म्हणणं शाबूत. नाही दिसली तर तीन वर्षं पाण्यात, आणि बाई प्रकल्प गुंडाळणार हे मी धरूनच चालले होते. निकाल सोमवारी द्यायचा होता.

स्लाइड बनवायचे ते मामा. अख्ख्या मजल्याचे मामा. शुक्रवारी त्यांनी ट्रे पुढे ठेवला आणि मी कपाळाला हात लावला. चरबी बघायची तर तुकडा गोठवून कापतात. मामांनी तीस वर्षांच्या सवयीने तो मेणात घातला होता, आणि त्याआधीच्या रसायनांत चरबी पार धुऊन जाते.

"मामा, अहो हे काय केलंत?"

"डबीवर 'गोठवा' असं लिहिलं होतंस का?"

नव्हतं. त्यामुळे मी आणखीच चिडले. मग हळूच बरंही वाटलं. स्लाइड बिघडल्या म्हणजे निकाल नाही, म्हणजे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी सहा महिने.

"माझ्यामुळे बिघडल्या म्हणून सांग," मामा म्हणाले. "मी दोन महिन्यांत रिटायर होतोय, मला कोण काय म्हणणार? पण बघ तरी एकदा. चरबी गेली, ती होती ती जागा कुठे जाईल?"

बघितलं. औषध न दिलेल्या यकृतांत पेशीपेशीत गोल, पांढरी भोकं. औषधवाल्यांत शोधूनही सापडेनात. बाराही स्लाइड तीनदा पाहिल्या. औषधाने काम चोख केलं होतं. चुकले होते ते मी.

शनिवार-रविवार मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. "मामांनी बिघडवल्या" हे वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं. छान जमत होतं.

सोमवारी प्रयोगशाळेच्या बैठकीत सगळ्यांसमोर बाईंनी विचारलं, "स्लाइडचं काय झालं?"

ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण मी फोटो लावले.

"औषध लागू पडलं, बाई. चरबी बनली नाही आणि यकृतही वाढलं नाही. त्याला ती वाढायलाच लागत असणार. तीन वर्षं मी उलटं सांगत होते. आणि भोकं बघायचं मामांनी सुचवलं."

बाईंनी पुढे येऊन फोटोंतली भोकं जवळून पाहिली.

"आता चरबी जाळणारं एंझाइम बंद करून बघ," त्या म्हणाल्या. "चरबी आहे, पण जाळता येत नाही, तेव्हा काय होतं ते कळू दे. नवे उंदीर मागव."

काही झालं तरी रडायचं नाही असं ठरवून आले होते. "मागवते" एवढंच म्हणायचं होतं, तेही धड जमलं नाही. दहा जणांदेखत मी रडले.