मिटलेल्या मुठींची पेटी

मित्रांनो, मी शाळेच्या जिन्याखालची एक जुनी लाकडी दानपेटी आहे, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. म्हाताऱ्या पेटीने आपली कहाणी गोड गोड सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आधी सोडा.

माझा जन्म चर्चच्या एका मोडक्या बाकातून झाला. शाळेच्या सुताराने त्याच्या फळ्या तासल्या, तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर, शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "फट नको. गोल भोक पाडा. मुलांची मिटलेली मूठ आत जाईल आणि मिटलेलीच बाहेर येईल, एवढं."

"अहो सिस्टर, मग पोरं आतले पैसे काढतील की!" सुतार म्हणाला.

"त्याचसाठी तर," सिस्टर म्हणाल्या.

सुताराने डोकं खाजवलं, पण भोक पाडलं. वर आपल्या मनाने माझ्या तळाशी घोंगडीचा तुकडा चिकटवला, म्हणजे नाणं पडलं तरी आवाज होऊ नये. भोकाला आतून कापडाचा पडदाही लावला. भला माणूस!

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे आठवडे सुरू झाले, की मला झाडूनपुसून जिन्याखाली मांडत. मुलं कोणी चॉकलेट सोडायची, कोणी आईस्क्रीम, आणि वाचलेले पैसे माझ्यात टाकायची. ते आजारी माणसांच्या औषधांसाठी जात. नियम एकच होता. एकट्याने यायचं, मूठ मिटून हात घालायचा आणि मूठ मिटूनच काढायचा. कोणी टाकले, कोणी अडीनडीला घेतले, कोणी नुसताच हात घातला, हे मला ठाऊक आणि देवाला. शाईने माखलेल्या मुठी आल्या, चिकट आल्या, थंडीने उललेल्या आल्या. मी कोणाची चहाडी केली नाही. आणि दर वर्षी औषधांना पैसे उरायचेच, बरं का!

मग सिस्टर निवृत्त झाल्या आणि नव्या मॅडम आल्या. वाईट नव्हत्या हो, पण दिखाव्याचं भारी वेड. "दान दिसलं पाहिजे, म्हणजे मुलांना हुरूप येतो," असं त्यांचं म्हणणं. लगेच प्रत्येक वर्गात प्लास्टिकची पारदर्शक पेटी आली. भिंतीवर मुलांच्या नावांचा तक्ता लागला. जो जास्त टाकेल त्याच्या नावापुढे चांदणी, आणि पहिल्या येणाऱ्या वर्गाला सहल! आता सांगा, याला काय उपवास म्हणायचं? बाबांच्या पाकिटातून नोट आणायची आणि मिरवायचं! ज्यांच्या नावापुढे चांदणी नव्हती, ती मुलं त्या भिंतीकडे न बघता वर्गात जायची. माझ्या डोक्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत पडलं. जुन्या वळणाची दोनचार मुलं तेवढी अजून गुपचूप येऊन जायची.

त्यातच एक मुलगी यायची. चणीने बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. कारखाना बंद पडला. त्यात याच शाळेतल्या धाकट्या बहिणीचा पाय मोडून प्लास्टरमध्ये, त्यामुळे चालत घरी जायची सोय नाही. चिमणीची आई याच शाळेत शिकलेली. तिनेच लेकीला माझा नियम सांगितला होता. ज्या दिवशी बसभाड्याला पैसे नसत, त्या दिवशी चिमणी येई, भाड्यापुरते घेई आणि मूठ मिटून निघून जाई.

परवा शेवटच्या तासाला ती आली आणि मॅडमनी तिचं मनगट धरलं. बाहेर काढलेली मूठ उघडायला लावली.

"देवाच्या पेटीतले पैसे चोरतेस?"

"मॅडम, आई म्हणाली, नड असेल तर घ्यायचे असतात."

"वा! आईच शिकवते का चोरी करायला? शुक्रवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर उभी करते तुला!"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला! चोरी? सिस्टरांनी ज्या कामासाठी मला घडवलं, ते काम म्हणजे चोरी? पण बोलणार कशी? तोंड म्हणून मला आहे ते एक भोक. चिमणी भिंतीला टेकून उभी होती. घंटा झाली की बहीण फाटकाशी तिची वाट बघणार.

मॅडमना आत किती उरलंय ते बघायचं होतं. माझी किल्ली तर कधीचीच हरवलेली. तेव्हा बोटं जुळवून त्यांनीच हात आत सारला आणि तळाची नाणी मुठीत धरली. झालं! मूठ अडकली. भोक मुलांच्या मापाचं, मोठ्यांची मूठ निघायची कशी? त्यांनी ओढलं, पिरगाळलं, पण छे!

तेवढ्यात घंटा झाली. सगळे वर्ग धडाधड जिना उतरून आले आणि जागीच थबकले.

"मॅडम पैसे काढतायत?" पहिलीतल्या एकाने मोठ्यांदा विचारलं.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, बघा आता कसं वाटतं ते!

पण चिमणी पुढे झाली. "नाही रे," ती म्हणाली, "मॅडम पैसे टाकतायत." मग त्यांच्या कानाशी लागून हळूच बोलली, "मूठ सोडा मॅडम, हात निघेल."

मॅडमनी मूठ सोडली. हात निघाला. मुलं पांगली.

मॅडमनी मनगट चोळलं. मग त्यांनी पर्समधून एक नोट काढली, घडी केली आणि चिमणीच्या हातात दिली. "माझी मूठ काही आत जात नाही. तूच टाक. आणि तुला लागतील तेवढे घेऊन ये." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि चिमणीची पावलं फाटकापर्यंत जाईस्तोवर वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी कुणालाही उभं केलं नाही. तक्ता मात्र अजून भिंतीवर आहे, म्हणून माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. हवं तर माझ्यावर फडकं वाळत घाला. पण कोणाचा हात पेटीत दिसला, तर तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवा.