हेटीबाईंच्या खिडक्या

जनीस ऑलरॉइड ही स्कॅलबेक गावच्या नगरपालिकेत जुन्या इमारतींची अधिकारी होती. संरक्षित यादीतल्या घरांचं तिच्या होकाराशिवाय कौलसुद्धा बदलता येत नसे, त्यामुळे गावात तिला नाताळच्या शुभेच्छा मोजकेच लोक देत. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिने टॉपहॅम मास्तरांना प्लास्टिकच्या खिडक्या नाकारल्या होत्या. मास्तर तेव्हापासून घरात ओव्हरकोट घालून बसत आणि भेटेल त्याला कारण सांगत.

एका रविवारी ती आईकडे जेवायला गेली, तर आईच्या जुन्या दगडी घराला पांढऱ्याशुभ्र, दुहेरी काचेच्या प्लास्टिकच्या खिडक्या.

"आई, हे काय?"

"खिडक्या," हेटीबाई म्हणाल्या. "बटाटे घे."

"घर यादीत आहे."

"तुझ्या यादीला थंडी वाजत नाही. मला वाजते."

जनीसने बटाटे खाल्ले, भांडी विसळली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आईविरुद्ध तक्रार नोंदवली. नात्यामुळे प्रकरण तिच्याकडे ठेवता येईना, म्हणून ते तिचा सहकारी फराझ याच्याकडे गेलं. फराझने हेटीबाईंकडून खिडक्यांच्या परवानगीचा रीतसर अर्ज भरून घेतला आणि तो नाकारावा अशी नियोजन समितीकडे शिफारस केली. मायलेकींचं बोलणं काही काळ हवापाण्यापुरतं उरलं.

मग एक दिवस आईचा फोन आला. "मला ऐकू येईनासं झालंय."

जनीस तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. घरी परतून हेटीबाई माडीवरच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. खाली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी पब. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं इथे बसल्या बसल्या कळायचं. आता माणसं दुहेरी काचेपलीकडे नुसते ओठ हलवत जात होती.

"शेजारच्या बेरिलचा नवरा घर सोडून गेला आणि मला सगळ्यांच्या नंतर कळलं," हेटीबाई म्हणाल्या. "मला माझ्या जुन्या खिडक्या दे."

"मग अर्ज मागे घे."

"मागे घेतला तर खिडकीवाला डॅरन म्हणेल, तुमचीच मर्जी फिरली. पालिकेने नकार दिला तर जुन्या परत बसवून देईन, असं कबूल केलंय त्याने."

"कुठे आहेत त्या?"

"त्याच्या परसात. लेट्यूसच्या वाफ्यावर झाकण म्हणून घातल्यात."

नकार मागणारा माणूस जनीसला नोकरीत पहिल्यांदाच भेटला होता.

नियोजन समितीच्या बैठकीत तिला तोंड उघडायची मुभा नव्हती. ती मागे प्रेक्षकांत बसली. फराझने शिफारस वाचून दाखवली. मग नगरसेवक बर्नार्ड थ्वेट उठले. इतक्या वर्षांत त्यांना कुणाची दया आल्याचं ऐकिवात नव्हतं.

"एक म्हातारी बाई थंडीने काकडतेय आणि आपण लाकडाच्या चौकटी कुरवाळत बसायचं?"

"बर्नार्ड, मी काकडत नाहीये," हेटीबाई म्हणाल्या. "नाही म्हण आणि मोकळा हो."

"बघा," थ्वेट हळहळले. "पोटच्या पोरीच्या धाकाने बोलतायत."

सगळ्यांनी वळून जनीसकडे पाहिलं. खिडक्या एकमताने मंजूर झाल्या.

"आता त्या अधिकृत झाल्या," बाहेर आल्यावर फराझ म्हणाला. "काढायच्या तर नवा अर्ज लागेल."

नवा अर्ज आला. थ्वेट पुन्हा उठले. समितीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असा फिरवता येणार नाही, म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. हेटीबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"तुमच्या बैठकीनंतर तुम्ही पबात जाता," त्या म्हणाल्या. "तिथून निघालात की माझ्या खिडकीखाली उभे राहून बोलता. टाऊन हॉलमध्ये बोलता त्यापेक्षा पुष्कळ मोकळं बोलता. मला त्याची सवय झाली होती."

थ्वेट पाण्याचा पेला न्याहाळू लागले. त्यांना दया आईची नव्हे, स्वतःच्याच गुपितांची आली होती, हे जनीसला त्या क्षणी समजलं.

"नकार द्यायचा असेल तर जरूर द्या," फराझ शांतपणे म्हणाला. "फक्त त्यावर अपील होईल. सरकारी निरीक्षक येतील, कारण विचारतील. कारण काय लिहू?"

शेवटी थ्वेट म्हणाले, लाकडी खिडक्या हा गावाचा ठेवा आहे, असं आपलं पहिल्यापासूनच मत होतं. अर्ज मंजूर झाला.

पालिकेचा नकार नसल्याने डॅरनने हात वर केले. जुन्या खिडक्या बसवायला सुतार जनीसने लावला. आईने आभार मानले नाहीत. खिडक्या बसल्या त्या रविवारी माडीवर जेवताना जनीसच्या मानेवर गार झोत येत होता. तिने सवयीने टॉपहॅम मास्तरांचा विषय काढला, तर हेटीबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. खाली दोन बायका बोलत होत्या. हेटीबाईंनी गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. जनीसने आपला काटा अलगद खाली ठेवला आणि तीही ऐकू लागली.

नगरसेवक मंडळी आता पबातून निघून कालव्याकाठच्या वाटेने घरी जातात. तो रस्ता लांबचा आहे आणि चिखलाचा.