वरवंट्याखालून वाचलेला मोबाईल

मी एक जुना, कोपऱ्यात तडकलेला मोबाईल आहे, मित्रांनो, आणि आत्ता सुरतेत पोलिसांच्या कपाटात पडलोय. खाकी पाकिटात, वरून लाखेची मोहोर! साड्यांना डायमंड, म्हणजे काचेचे चमकते खडे, चिकटवताना माझ्या मालकिणीच्या, धनश्रीच्या हातून सांडलेला गोंद अजून माझ्या पाठीवर आहे. तो मला आवडतो. पण दुसरं जे काही मला चिकटलं, त्याची अजून शिसारी येते. थांबा, घाई होतेय माझी, नीट सांगतो.

आधी मी एका शेठच्या खिशात होतो. काचेला ओरखडा पडला तसं त्यानं मला विकून टाकलं, आणि धनश्रीनं स्वतःच्या कमाईतून घेतलं. सुरतेच्याच गोडादऱ्यात तिची आणि तिच्या वडिलांची खोली. तिचे आबा, म्हणजे आनंदाभाऊ, जवळच बमरोलीत लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवतात. मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे. धनश्री सकाळी कॉलेजला जायची, दुपारी साड्यांवर डायमंड चिकटवायची आणि मला भिंतीला टेकवून गाणी लावायची. दिवसातून दहादा ओढणीनं पुसायची. काय थाट होता माझा!

मग तिचा फोटो समाजाच्या परिचय ग्रुपवर गेला. लग्नाच्या मुलामुलींची माहिती टाकतात ना, तो. नाव, उंची, मामाचं गाव आणि नंबर. नंबर नेहमी बापाचा असतो. पण आबांकडे बटणवाला डबा! म्हणून ग्रुप चालवणाऱ्या राघोकाकांनी धनश्रीचाच टाकला. आपल्या भाच्यासाठी त्यांनी तिला आधी विचारलं होतं, आणि ती नाही म्हणाली होती. "असू दे पोरी, ज्याचं त्याचं नशीब," म्हणत चहा पिऊन गेले होते.

महिनाभरानं एका दुपारी मी वाजलो. अनोळखी माणूस. काय बोलला ते मी तोंडातून काढणार नाही. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत चाळीस! एकानं तर लिंकच पाठवली. कुठल्याशा परदेशी साईटवर धनश्रीचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगाला जोडलेला, आणि खाली नंबर. शी! ते चित्र माझ्याच काचेवर उजळलं. मला हात असते ना, तर मी माझे डोळे झाकले असते.

आणि आपली माणसं बघा. ग्रुपमधल्या बायकांनी काय केलं? 'भगिनींनो सावधान, असं कुणी पाठवलं तर उघडू नका' असं लिहून तेच चित्र पुढे ढकललं! हात जोडलेल्या चिन्हासकट!

दुसऱ्या दिवशी राघोकाका धावत आले. मला हातात घेतलं, अंगठ्यानं चित्र वर-खाली केलं, दोनदा, तीनदा. "राम राम राम! आनंदा, हा फोन फोड. सिम मोडून तापीत टाक. लोक सहा महिन्यांत विसरतील. पोलिसात गेलास तर पोरीची इज्जत चौकात येईल."

आबांनी मला पाट्यावर ठेवलं आणि वरवंटा उचलला. एक घाव बसला. माझा कोपरा गेला. दुसरा बसणार, इतक्यात धनश्रीनं माझ्यावर हात ठेवला.

"आबा, त्या पानाचा पत्ता याच्यातच आहे. वेळही आहे. हा फोडला तर मी नाही वाचणार, ज्यानं हे केलं तो वाचेल."

"मनी पोर, लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणूनच ऱ्हायले ना, आबा! आता मला म्हणू द्या."

वरवंटा खाली आला, पण हळू, जमिनीवर.

पोलीस ठाण्यात तपासाच्या अधिकारी नूतन मॅडम भेटल्या. माहेर नंदुरबारचं, त्यामुळे आबा आपल्या खानदेशी बोलीतच बोलू लागले. मॅडमनी माझ्यातलं सगळं उतरवून घेतलं.

"बघा काका, मुलगी गोडादऱ्यात, साईट एका देशात आणि कंपनी दुसऱ्याच."

"मग ते काय ऐकतीन आपलं? आमना रेशनवाला बी ऐकत नही!"

मॅडम हसल्या. "त्याचं मी नाही सांगू शकत. पण देशांनी आपसात करार केलेत. आपलं सरकार त्यांना लिहितं, ते आधी तिथली नोंद पुसू देत नाहीत, मग त्यांचा कायदा तपासतो, मग नाव कळतं. वेळ लागतो. कधी कधी फार लागतो."

"पोरनी इज्जत परत येई का?"

"इज्जत गेलीच कुठे? गेलीय त्या हरामखोराची. हिचा हक्क आहे हा. गोडादऱ्यात जेवढा, तेवढाच इंटरनेटवर."

मग वाट बघणं. पहिलं पत्र परत आलं, कारण वेळ लिहिली होती पण ती भारतातली की तिथली, ते लिहायचं राहिलं होतं! दोन महिने त्यात गेले. तोवर रोज कुणीतरी लाळ गाळत मला वाजवायचं. मी थरथरायचो, लोकांना वाटायचं रिंग येतेय. पुन्हा पत्र गेलं. एक दिवस धनश्रीनं लिंक उघडली, तर साईटनं चित्र काढून टाकलेलं, पान कोरं! ती कितीतरी वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत बसली.

सातव्या महिन्यात मॅडमनी बोलावलं. समुद्रापलीकडून उत्तर आलं होतं. चित्र चढवणाऱ्यानं खातं उघडताना दिलेला नंबर.

"ओळखीचा आहे का बघ," म्हणत मॅडम एकेक आकडा वाचू लागल्या. धनश्री माझ्यावर दाबत गेली. आठवा, नववा, दहावा. आणि मित्रांनो, मला दाखवावंच लागलं. काचेवर नाव उमटलं: 'राघोकाका'.

आबा तिथेच खुर्चीवर बसले. मला आठवला तो अंगठा. वर-खाली, दोनदा, तीनदा. आपलंच काम न्याहाळत होता, आणि तोंडानं रामनाम! थू!

पोलिसांनी राघोकाकांना धरलं. मला पुरावा म्हणून पाकिटात घातलं. धनश्रीनं शेवटचं ओढणीनं पुसलं, गोंदाचा डाग मात्र तसाच ठेवला. आता कोर्टात तारखा पडतायत, आणि इकडे माझी बॅटरी फुगत चाललीय.

म्हणून एकच मागणं. असं काही तुमच्या फोनवर आलं तर पुढे ढकलू नका, पुसूही नका. पत्ता आणि वेळ जपा, आणि पोलिसांना सांगा. आणि या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे ना, त्याला म्हणावं, अधूनमधून मला थोडं चार्ज कर, बाबा. देशादेशांनी मिळून शोधलेलं ते नाव मला अजून एकदा, न्यायाधीशांसमोर दाखवायचंय.