इंदूताईंचे हात

इंदूताई गावडे यांना जाळून आल्यावर चौथ्या दिवशी त्यांचे हात घरी परत आले. कोपरापासून पुढचे, हिरव्या बांगड्यांसकट.

त्यांची लेक हेमा सकाळी स्वयंपाकघरात गेली, तेव्हा ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते. कोपराजवळचा काप दुधी चिरल्यासारखा स्वच्छ होता. वास मात्र येत होता, आंबलेल्या कणकेचा आणि जळक्या तुपाचा.

"आप्पा, आईचे हात आलेत," तिने बाहेर येऊन वडिलांना सांगितलं.

"मग चहा टाकायला सांग," आप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "तुझ्या चहाला काही ती चव नाही."

अस्थी गोळा करताना हातांची हाडं सापडली नव्हती, तेव्हाच हेमाच्या मनात पाल चुकचुकली होती. आता तिने भावाला, विलासला, बाजूला घेतलं. अस्थींबरोबर हेही नदीत सोडून येऊ, म्हणाली. बाईने जन्मभर काय कमी उपसलं? आता तरी सुटू दे तिला. हात सुटल्याशिवाय हेमाला नाशिकला परत जायचं नव्हतं.

"तेरावं होऊ दे की," विलास म्हणाला. "एवढी पानं उठवायची, आचारी कुठे मिळतोय आता?"

म्हणजे इंदूताईंनी स्वतःच्या तेराव्याचे लाडू स्वतः वळले. पंगतीत लोक हातांकडे बघत होते आणि आणखी वाढा म्हणत होते. "इंदूताईंच्या हातची चव ती चवच," असं एक जण बोटं चाटत म्हणाला, आणि तीच बोटं त्याने लाडवांच्या ताटात घातली. हेमाच्या पानातल्या लाडवावर आईच्या बोटांचे ठसे होते. तिने तो पानाखाली सरकवला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, पण इथे तर मढ्यालाच लोणी काढायला बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तिने अस्थींचा तांब्या घेतला, हात ओल्या पंच्यात गुंडाळले आणि घाट गाठला. वाटेत पंच्याचा उसवलेला काठ आतल्या आत शिवला जात होता. तिने आधी अस्थी सोडल्या, मग हात सोडले. ते बुडाले नाहीत. पाण्यावर तरंगणारं निर्माल्य गोळा करायला लागले. दर गणपतीत इंदूताई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हेच करायच्या, आणि काठावरचे लोक त्यांचे फोटो काढायचे.

"आई, बस झालं," हेमा म्हणाली. "जा आता."

हातांनी ओला हार पायरीवर पिळून ठेवला. हेमा रडतच घरी आली, तर हात तिच्या आधी पोचले होते आणि आप्पांचे लेंगे वाळत घालत होते.

तिथून पुढे धरबंधच राहिला नाही. रक्तदान शिबिरात चहा वाटायला हात गेले, अंगणवाडीची खिचडी ढवळायला गेले. लोक दारात चपला न काढता विचारायचे, "हात आहेत का घरात?" गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथे गरज काही सरत नव्हती, म्हणून वैद्याला मरू देत नव्हते. हात मात्र झिजत चालले होते. साबणाची वडी झिजते तशी बोटं पातळ होत गेली, नखं गळून पिठात पडली. विलासने घासातून एक नख काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि पुढचा घास घेतला. हेमाला त्याच्याकडे बघवेना. त्याला धरून हलवावं असं तिला वाटलं, पण तिला त्याला शिवायचीही किळस आली होती.

मग कन्याशाळेच्या माजी विद्यार्थिनी मंडळाने शोकसभा ठेवली. इंदूताईंनी शाळा सोडली होती ती फक्त दाखल्यावर. स्नेहसंमेलन असो, रंगरंगोटी असो, "कोण करेल?" म्हटलं की पहिला हात त्यांचा वर. आजही सतरंज्या हातांनीच घातल्या होत्या आणि स्वतःच्या फोटोभोवती रांगोळीही काढली होती. हेमाला पुढच्या बाकावर बसवलं. बाक लहान मुलींचा होता. ती बसल्यावर तो आणखी लहान झाला आणि तिचे गुडघे आत अडकले.

दळवीमावशी बोलायला उभ्या राहिल्या. त्या मंडळाच्या अध्यक्षा आणि इंदूताईंच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांनी आधी हातांवर शाल घातली, समोर नारळ ठेवला. हातांनी तो लगेच फोडून खोवायला घेतला.

"हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आमची इंदू गेली असं वाटतच नाही."

"तुम्ही तिला जाऊच दिलं नाहीत, मावशी," हेमा म्हणाली.

"तेच म्हणतेय मी, बाळ." मावशींनी खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकली. "पण हे हात आता फार दिवस चालायचे नाहीत. बघा ना, करंगळी गेलीच. तेव्हा इंदूनंतर कोण करेल?"

सभागृहातल्या सगळ्या बायकांनी हात पदराखाली घेतले. आप्पा आणि विलास हेमाकडे बघत होते, जेवणाच्या वेळी बघायचे तसे. हेमाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाकाने तिला आणखी घट्ट धरलं.

हात खोवणीवरून उतरले. रांगोळी न मोडता, कडेकडेने बाकापाशी आले आणि तिच्या मांडीवर चढले. गार, चिकट, खोबऱ्याने माखलेले.

"आई, नको," हेमा म्हणाली.

झिजलेली बोटं मांडीखाली शिरली, त्यांनी तिचं मनगट शोधलं, आणि लहानपणी गर्दीत धरायची तसं घट्ट धरून ते वर उचललं.

टाळ्या झाल्या. हेमाने मान वर करून पाहिलं. तिचा हात सरळ वर उभा होता आणि खाली येत नव्हता. आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर परतले होते, एकात एक गुंफून, आणि काहीच करत नव्हते.